मागचा पंखा मी उलटवला होता

दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात आमच्या डहाणूच्या घरातला कॉम्प्युटर पंधरा दिवसांत नऊ वेळा आपोआप बंद पडला. कॉम्प्युटर बायकोचा होता. आमच्या आळीत, तिच्या जुन्या शाळेत आणि तिच्या माहेरी अजूनही सगळे समजतात की बाईंना वयामुळे ते मशीन झेपलं नाही. हे खोटं आहे. मशीन मी बिघडवलं. तपासणारा माणूस येण्याआधी मीच ते गुपचूप नीट केलं आणि दोष तिच्या नावावर राहू दिला. मी आता पंचाहत्तरी ओलांडली आहे, म्हणून हे लिहून टाकतो. लिहिताना मधेमधे हसू येतं आहे. त्याला इलाज नाही, प्रकारच तसा होता.

वाणगावजवळच्या एका भातगिरणीत मी सव्वीस वर्षं ब्लोअरवर होतो. तांदूळ एकीकडे पडला पाहिजे आणि तूस दुसरीकडे उडालं पाहिजे, एवढंच काम. पण सव्वीस वर्षं तेच केलं की माणसाला वाटायला लागतं, हवा आपल्याला विचारून वाहते. आळीत कुणाला स्वयंपाकघरात धूर बाहेर काढणारा पंखा लावायचा असला, मांडवाचं तोंड कुठे ठेवायचं असलं की लोक म्हणायचे, "हवेचं काका बघतील." शेजाऱ्यांच्या संडासाची खिडकी कुठल्या भिंतीला काढायची हेसुद्धा मी ठरवलं होतं. त्या खिडकीचा मला फार अभिमान होता.

बायको तलासरी तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेत शिकवायची. दोन हजार चौदाला ती निवृत्त झाली आणि महिनाभरात कंटाळली. तेवढ्यात एका जुन्या विद्यार्थिनीचं लग्न निघालं. पाड्यावरच्या चार पोरांनी मोबाइलवर काहीबाही टिपलं होतं. ते तिने भाचीच्या लॅपटॉपवर बसून जोडलं. वर लग्न लावणाऱ्या धवलेरीचं गाणं, खाली नाचणारे पाय. ती फिल्म पाड्यापाड्यांतून फिरली. मग लोक घरी यायला लागले. "बाई, आमच्या पोरीची पण कॅसेट करा ना." कॅसेट कधीच्या गेल्या होत्या, पण शब्द तोच. साठाव्या वर्षी माझी बायको लग्नाच्या कॅसेटवाली झाली, आणि तिने स्वतःचा कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं.

तो जोडून दिला तिच्याच एका विद्यार्थ्याने. तिशीचा माणूस, तलासरीत दुरुस्तीचं दुकान, दोन मुलांचा बाप, पण तिच्यासमोर आला की हात मागे बांधून उभा राहायचा. दोन हजार पंधराचा पावसाळा संपल्यावर तो सगळं सामान मोटरसायकलला बांधून आला आणि आमच्या पुढच्या खोलीत पसरून बसला.

"बाई, या कॅबिनेटला मागे एक पंखा येतोच," तो म्हणाला. "पण तुम्ही व्हिडिओ करणार, म्हणजे आतला प्रोसेसर तापणार. पुढे अजून दोन लावू."

त्याने पिशवीतून चार-पाच पंखे काढले. वीतभर चौकटीचे, काळे. त्यातले दोन लावले की लाल-निळे-हिरवे उजळायचे. मी तर खूशच झालो.

"हे लाव, हे. लग्नघर वाटेल."

"लग्न पडद्यावर दिसायला हवं," बायको म्हणाली. "डब्यात नको."

मग तिने एकेक पंखा चालू करून कानाशी धरला. वर्गात मागच्या बाकावर कोण कुजबुजतंय हे न बघता ओळखणारे कान होते ते. "हा गुणगुणतोय. हा बरा. हा तर घोरतोय, अगदी ह्यांच्यासारखा, बाजूला ठेव." तिला धवलेरीचं गाणं स्वच्छ ऐकू यायला हवं होतं, म्हणून तिने सगळ्यात मुके दोन निवडले. माझे रंगीत पंखे परत पिशवीत गेले.

बसवताना त्याने समजावून सांगितलं. पुढचे दोन गार हवा आत घेणार, मागचा गरम हवा बाहेर टाकणार. मधे प्रोसेसरवर उभा असलेला मोठा कूलर, त्यालाही पंखा आहे, तोही मागच्याच दिशेला फुंकणार.

"म्हणजे प्रार्थनेच्या रांगेसारखं," बायको म्हणाली. "सगळ्यांची तोंडं एकीकडे."

"हो बाई."

मला कुणी काही विचारलं नाही. हवेचा विषय, माझं घर, आणि कुणी विचारलं नाही. हे मी मनात ठेवलं.

टेबल होतं पश्चिमेच्या खिडकीखाली, कारण प्लग तिथे होता. कॅबिनेटची पाठ खिडकीकडे. थंडीत काही बिघडलं नाही. फेब्रुवारीत दोन लग्नं झाली, मार्चमध्ये एक. एप्रिल लागला आणि दुपारचा समुद्राचा वारा सुरू झाला.

एके दिवशी बायको बाजारात गेली होती आणि मी त्या खिडकीसमोर नुसता बसलो होतो. वारा पडदा आत ढकलत होता आणि कॅबिनेटचा मागचा पंखा तोच पडदा बाहेर ढकलत होता. पडदा बिचारा मधल्यामधे फडफडत होता. मी बघतच राहिलो. खळ्यावर भात उपणताना शेंबड्या पोरालाही कळतं की वाऱ्याच्या तोंडावर सूप धरायचं नाही, तूस आपल्याच डोळ्यांत येतं. आणि इथे माझ्याच घरात एक पंखा सबंध अरबी समुद्राशी भांडत होता.

मी उठलो आणि स्क्रूड्रायव्हर आणला. मागचा पंखा काढून उलटा बसवला, म्हणजे तो आता खिडकीचा वारा आत घेणार. मग पुढचे दोन काढून उलटे केले, म्हणजे ते हवा खोलीत टाकणार. प्रत्येक चौकटीवर हवेची दिशा दाखवणारा बारीक बाण असतो. तो मला चष्म्यातून नीट दिसला. मी म्हटलं, बाण काढणाऱ्यांनी समुद्र पाहिलेला नाही. मधल्या मोठ्या कूलरला मात्र हात लावला नाही. तो प्रोसेसरवर बसलेला, त्याला चिकटवलेला, तिथे माझी छाती होईना.

कॅबिनेट चालू केलं. पडदा सरळ आत ओढला गेला आणि मागच्या जाळीला जाऊन चिकटला. मी पडद्याला गाठ मारली आणि एकट्याने टाळी वाजवली. बायको आल्यावर मी तिला काही सांगितलं नाही. तिला आपोआप फरक जाणवेल आणि ती म्हणेल, "आज किती हलकं चालतंय!" मग मी सांगणार होतो.

दुसऱ्या दिवशी ती कासा गावाच्या पलीकडच्या एका पाड्यावरचं लग्न जोडत होती. सगळे तुकडे लावून झाले, आता त्यांची एक सलग फिल्म करून घ्यायची होती. याला रेंडर म्हणतात, आणि यातच मशीनला खरा घाम फुटतो. अर्ध्यावर कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला.

"अहो, मी काही केलं नाही हं," ती आतून म्हणाली.

"काय दाबलंस?" मी विचारलं.

मला शपथेवर विचारलं तरी सांगेन, त्या क्षणी मला खरंच वाटलं होतं की तिने काहीतरी दाबलं. दुसऱ्यांदा बंद पडला तेव्हाही वाटलं. नऊ वेळा बंद पडला आणि नऊ वेळा मी विचारलं, "काय दाबलंस?" पाचव्या वेळेपासून ती "मी काही केलं नाही" म्हणायची थांबली. ती वहीत लिहायला लागली: आज कुठलं बटण, कुठली फाइल, किती वाजता. शाळेत हजेरी घ्यायची तशी स्वतःच्या चुकांची हजेरी.

शेवटी तिने तलासरीला फोन केला. तो म्हणाला, उद्या चारला येतो. दुसऱ्या दिवशी तीनला ती त्याच्यासाठी फरसाण आणायला गेली. मी सहज कॅबिनेटच्या बाजूला हात लावला तर पत्रा तव्यासारखा. झाकण काढून मशीन चालू केलं आणि आत डोकावलो.

पडद्याचा एक दोरा आत शिरला होता. मोठा कूलर आणि मागचा पंखा यांच्या मधे तो हवेत एका जागी नाचत होता. पुढे जाईना, मागे जाईना. कूलर मागे फुंकत होता, मी उलटवलेला पंखा पुढे फुंकत होता आणि गरम हवा दोघांच्या कात्रीत तिथेच शिजत होती. गिरणीत एकदा एका नव्या कामगाराने दोन ब्लोअर समोरासमोर लावले होते. तेव्हा तूस असंच हवेत लटकलं होतं आणि मी त्याला सगळ्यांसमोर गाढव म्हटलं होतं. तो दोरा मला आता तेच म्हणत होता.

माझ्याकडे पाऊण तास होता. तेवढ्यात मी दोनपैकी एक करू शकलो असतो. बायको आली की तिला सांगायचं, नाहीतर स्क्रूड्रायव्हर घ्यायचा. मी स्क्रूड्रायव्हर घेतला. वीस मिनिटांत तिन्ही पंखे बाणाप्रमाणे, दोरा खिशात, झाकण बंद.

तो आला. त्याने झाकण उघडलं, पंखे बघितले, मान डोलावली. तिचं अर्धवट लग्न रेंडरला लावलं आणि तासभर समोर बसून राहिला. मशीन एकदाही बंद पडलं नाही. पडणार कसं?

"बाई," तो हात मागे बांधून म्हणाला, "मशीनला तर काही नाही. तुम्ही एकदम चार-पाच गोष्टी उघडत असाल. होतं असं. एकेकच उघडत जा."

"मी दोनच उघडते रे," ती म्हणाली. मग म्हणाली, "पण तसंच असेल. वय झालं आता."

मी बाजूला बसलो होतो.

फिल्म तयार झाली, पण तिने ती पुन्हा बघितलीसुद्धा नाही. हातातली बाकी दोन लग्नं तिने पेन ड्राइव्हसकट परत केली आणि कॅबिनेटवर चादर टाकली. मला वाटलं, आठवडाभराने चादर निघेल. निघाली नाही. दूध घ्यायला गेलं की लोक विचारायचे, बाईंच्या कॅसेटचं काय? मी म्हणायचो, "नाही झेपत हो आता तिला. डोकं दमतं." हे वाक्य माझं आहे. आळीत जे पसरलं ते इथून पसरलं. कशासाठी? तर "हवेचं काका बघतील" हे तीन शब्द माझे माझ्याकडे राहावेत म्हणून.

आणि मग ती आक्रसत गेली. एटीएमच्या रांगेत कार्ड माझ्या हातात द्यायची, "तुम्हीच करा, माझ्या हातून काहीतरी व्हायचं." नवा मोबाइल आला तो तिने भाचीला देऊन टाकला. तीस वर्षं एकटीने दोन वर्ग सांभाळलेली बाई मिक्सरचं बटण फिरवण्याआधी माझ्याकडे बघायला लागली. मी मान डोलावली की फिरवायची. माझी मान! चादरीखालचं मशीन तर ठणठणीत होतं. मी दर दसऱ्याला ते पुसून, हार घालून पुन्हा झाकायचो.

दोन हजार एकोणीसच्या मे महिन्यात अच्छाडच्या अलीकडच्या एका पाड्यावर लग्न होतं. आम्ही बसने चारोटीपर्यंत गेलो आणि तिथून हायवेने तलासरीकडे जाणाऱ्या जीपमध्ये बसलो. जीप म्हणजे नऊ माणसांच्या जागेत सोळा, एक भाजीची पाटी आणि एक कोंबडा. बायकोच्या समोर तिचीच एक विद्यार्थिनी निघाली.

"बाई! तुम्ही आता कॅसेट नाही करत?"

"नाही गं," बायको हसून म्हणाली. "माझं डोकं नाही चालत त्यात. मीच मशीन बिघडवलं होतं."

ती हसली म्हणून झालं सगळं. रडली असती तर मी कदाचित आणखी तीन वर्षं गप्प बसलो असतो.

"तू नाही बिघडवलं," मी म्हणालो. हायवेवरच्या ट्रकच्या आवाजात ओरडूनच म्हणावं लागलं. "मी पंखे उलटे लावले होते!"

सोळा माणसं गप्प झाली. कोंबडासुद्धा. आणि मग, एकदा तोंड उघडल्यावर, मी पडद्यापासून दोऱ्यापर्यंत सगळं ओरडून सांगितलं. ड्रायव्हरने आरसा माझ्याकडे फिरवला.

"थांबा काका," तो म्हणाला. "वाऱ्याबरोबर उपणलं ना? मग बरोबरच आहे की."

"बरोबर कसं?" मागून एक म्हातारा म्हणाला. "मधला कोण फिरवणार? दोघं एका दिशेला आणि एक उलटा, मग व्हायचं काय?"

"मग मधला पण फिरवायचा."

"तो चिकटवलेला, म्हणतायत ना."

"मग हातच कशाला लावायचा, काका?"

जीपमध्ये दोन पक्ष पडले. एकाचं म्हणणं, काकांचा विचार खरा पण काम अर्धवट. दुसऱ्याचं म्हणणं, काकांचा विचारच फिरलेला. भाजीच्या पाटीवाली बाई गुजरातेतल्या उंबरगावकडची होती, तिला पंख्यात काही रस नव्हता. ती माझ्याकडे बोट दाखवून सगळ्यांना विचारत होती, "पण त्रण वरस चूप? त्रण वरस?" लोक हसता हसता एकमेकांच्या अंगावर पडत होते, आणि लाज वाटत असतानाही मी पण हसायला लागलो. तीन वर्षं छातीवर असलेलं काहीतरी खिडकीतून उडून गेलं होतं.

बायको हसत नव्हती. ती रस्त्याकडे बघत होती. तलासरी जवळ आल्यावर तिने विचारलं, "तो चारला येणार होता. मी फरसाण आणायला गेले होते. तेव्हा?"

"हो."

"आणि तो मला म्हणाला, तुम्ही चार-पाच गोष्टी उघडत असाल. तुम्ही तिथेच होता."

"हो."

"आणि ते फरसाण तुम्ही खाल्लंत."

"हो."

पाटीवाल्या बाईने कपाळावर हात मारला.

मांडवात तो कॉम्प्युटरवाला होताच. बायकोने त्याला हाक मारली, मला त्याच्यासमोर उभं केलं आणि म्हणाली, "सांगा." मी पुन्हा सगळं सांगितलं, या वेळी हळू आवाजात. मला वाटलं तो हसेल. त्याचा चेहरा पडला.

"बाई, मी तुमची चूक काढली," तो म्हणाला. "तासभर बघून काढली."

"तुझं काही नाही रे. तुझ्यासमोर जे ठेवलं ते तू पाहिलंस." मग ती माझ्याकडे वळली. "मी परत दिलेल्या दोनपैकी एका पोरीचा नवरा आता त्या पेन ड्राइव्हवर ट्रॅक्टरमध्ये गाणी लावतो. तिच्या लग्नाचं एक चित्र उरलं नाही. हे तुम्ही कसं नीट करणार?"

 

मग तिने त्या कॉम्प्युटरवाल्यापुढे हात केला. "तुझा मोबाइल दे." त्याने दिला. तिने पदर खोचला आणि ती मांडवात घुसली. "ए, सरक तिकडे! नवरीच्या मावशीला पुढे येऊ दे. धवलेरीच्या आड कोण उभंय? खाली बस!" तिचा वर्गातला आवाज मी कितीतरी दिवसांनी ऐकला. नाचणाऱ्यांच्या गोलात ती उलटी उलटी चालत पाय टिपत होती, आणि मी मागे धावत होतो, ती कशाला अडखळू नये म्हणून. मी एका खाटेला अडखळलो. ती नाही.

घरी आल्यावर तिने चादर काढली. खाऱ्या हवेने पंख्यांचे स्क्रू गंजले होते, दोन पंखे खरखर करत होते. ती स्वतः दुकानात गेली. दुकानदार माझ्याकडे बघून बोलायला लागला, "काका, हा घ्या, लाइटवाला, जोरदार," तर ती म्हणाली, "त्यांना पंख्यातलं काही कळत नाही. मला ऐकवा." तिथेही तिने एकेक कानाशी धरून निवडले. घरी तिने बाण बघून तिन्ही स्वतः बसवले. शेवटी तिने सबंध टेबल फिरवलं आणि प्लगसाठी लांब वायर ओढली. आता कॅबिनेटचं तोंड खिडकीकडे आणि पाठ खोलीकडे. समुद्राचा वारा पुढून आत, गरम हवा मागून बाहेर, सगळे एका दिशेला.

"तुमचं वाऱ्याचं म्हणणं खरं होतं," ती म्हणाली. "फक्त डबा फिरवायचा होता, पंखे नाही. मला विचारलं असतंत तर दोन मिनिटांचं काम होतं. दुपारचे खारे वारे मी चौथीला शिकवायचे."

अच्छाडकडचं लग्न रेंडरला लागलं त्या दुपारी तिने मला मशीनच्या मागे स्टुलावर बसवलं, टेबलाकडे हात न नेण्याच्या अटीवर. फक्त तळवा मागच्या जाळीसमोर धरायचा.

"येतेय का हवा?" ती पुढून विचारायची.

"येतेय."

"गरम?"

"गरम."

"मग हात काढू नका. अजून अर्धं बाकी आहे."